लिहिणाऱ्याला मत नाही

उपसचिवांची गाडी रविवारी साडेअकराला दारात थांबली तेव्हा हेडक्लार्क स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाशी बसून बटाटे सोलत होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी घरीदारी सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणत. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको त्याच नगरपालिकेची अध्यक्ष झाली, तेव्हापासून तर हे नाव घेताना लोकांना हसू आवरेनासं झालं होतं. चौतीस वर्षं अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसून इतिवृत्त लिहिणारा माणूस आता अध्यक्षांसाठी बटाटे सोलतो, यात गावाला मोठी गंमत वाटे. हेडक्लार्कना त्याचं काही वाटत नसे. अध्यक्ष बदलतात, ऑफिस चालू राहतं, असा त्यांचा अनुभव होता. बटाटेही ते ऑफिसच्याच शिस्तीने सोलत. मोठे आधी, बारके मागाहून, आणि सालं वर्तमानपत्रावर एका ओळीत.

"भाऊजी आले," अध्यक्षबाई खिडकीतून बघत म्हणाल्या. "हातात फाइल आहे. म्हणजे नुसते जेवायला आलेले नाहीत."

"जाऊबाई आल्यात का?"

"आल्यात. त्यांच्या हातात डबा आहे. म्हणजे त्या जेवायलाच आल्यात."

हेडक्लार्कनी चाकू खाली ठेवला. फाइल म्हटल्यावर त्यांना भीती वाटली, पण ती तीन आठवड्यांपासून रोजच वाटत होती, त्यामुळे चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी राज्याच्या नगरविकास खात्याचं पत्र आलं होतं. शेजारचं महानगर फुगत फुगत गावाच्या हद्दीला येऊन टेकलं होतं. तेव्हा ही पालिका मोडून गाव महापालिकेत सामील करावं की कसं, याबद्दल पालिकेने ठराव करून आपलं मत कळवावं, असं पत्रात होतं. पत्राखाली सही होती धाकट्या भावाची. सही झोकदार होती, लहानपणी वहीच्या मागच्या पानावर गिरवून गिरवून बसवलेली. हेडक्लार्कनी ती पाहिली आणि आपल्या भावाचं अक्षर अजून वळणदार आहे एवढंच बोलून दाखवलं.

सभा सोमवारी अकरा वाजता होती. सभासद पंधरा. सात जण सामील होण्याच्या बाजूचे, सात विरुद्ध, आणि पंधराव्या स्वतः अध्यक्षबाई, ज्यांचा विरोध अख्ख्या गावाला तोंडपाठ होता. सामील होऊ पाहणाऱ्या सातांची पुढारी होती अध्यक्षबाईंचीच सून. चौकात औषधांचं दुकान चालवणारी ही बाई मागच्या निवडणुकीत शेजारच्या वॉर्डात समोरच्या गटातून उभी राहिली आणि सासूपेक्षा अकरा मतं जास्त घेऊन निवडून आली. त्या अकरा मतांचा उल्लेख घरात साधारण आठवड्यातून एकदा होत असे.

"काका, आलात?" सून पुढे होत म्हणाली. "फाइल माझ्याकडे द्या. आईंच्या हाती लागली तर त्या तिच्यावर कुकर ठेवतील."

"ठेवला तर तुझं काय जातं?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "उद्या दुपारनंतर तिचा तेवढाच उपयोग आहे."

उपसचिवांनी फाइल कोणालाच दिली नाही. खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसले. ते हसत होते, पण भावाकडे बघायचं टाळत होते, हे हेडक्लार्कच्या नजरेतून सुटलं नाही.

जेवायला सहाजण बसले. हेडक्लार्क, अध्यक्षबाई, उपसचिव, त्यांची बायको, आणि मुलगा-सून. जाऊबाई वरच्या कोर्टात स्टेनो होत्या. दिवसभर इतरांची वाक्यं टाइप करून करून त्या स्वतः फार कमी बोलत. मुलगा दातांचा डॉक्टर. आई एका गटात आणि बायको दुसऱ्या गटात असल्यामुळे घरात त्याचं तोंड बंद, म्हणून दवाखान्यात तो लोकांची तोंडं उघडून बदला घेतो, असं सून म्हणायची.

उपसचिव भात कालवताना तक्रार करू लागले. ती त्यांची सवय होती. राजधानीत ज्यांच्यापुढे बोलता येत नाही ते सगळं ते या टेबलाशी बोलत.

"केंद्राचं काय चाललंय कळत नाही," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात पत्र आलं. पाण्याचा विषय, जो राज्याचा आहे, त्यावर त्यांनी परस्पर योजना आखली. आणि खाली काय लिहिलंय? पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राज्याची संमती आहे असं समजण्यात येईल. मी अडीच पानी उत्तर धाडलं. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. राज्य म्हणजे केंद्राचं शाखा कार्यालय नव्हे. आमच्या बाबतीत आम्हाला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, असं स्वच्छ लिहिलं."

"छान लिहिलंत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "भाऊजी, आमच्या पत्राचं शेवटचं वाक्य काय आहे हो?"

उपसचिवांचा घास हातात राहिला.

"तीस दिवसांत ठराव न आल्यास," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "पालिकेची संमती आहे असं समजण्यात येईल."

"तुला कसं माहीत?"

"तुम्ही तोंडी सांगत होतात आणि मी टाइप करत होते. घरीच."

टेबलाभोवती हसू फुटलं. उपसचिवही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तीस दिवस दिलेत," ते म्हणाले. "केंद्र पंधराच देतं."

"दुप्पट मोठं मन आहे काकांचं," सून म्हणाली, आणि सासूने तिच्या ताटात न विचारता भात वाढला. उद्या एकमेकींविरुद्ध मत देणाऱ्या या दोघी उपसचिवांची फिरकी घेताना मात्र कायम एका पक्षात असत.

हेडक्लार्कना बरं वाटलं. क्षणभर वाटलं की फाइलमध्ये दुसरंच काही असेल. मग उपसचिवांनी हात धुतले, पुसले, आणि खुर्चीवरून फाइल उचलली.

"हे मी तुम्हाला दाखवायला नको खरं तर," ते म्हणाले. "पण उद्या सभेत सगळ्यांसमोर कळण्यापेक्षा आज घरात कळलेलं बरं. वहिनी, उद्या तुम्ही जे ठरवाल त्याला आता फारसा अर्थ उरलेला नाही. खात्याला तुमच्याच पालिकेचा जुना ठराव सापडलाय. बावीस वर्षांपूर्वीचा." त्यांनी कागद वाचला. "विषय क्रमांक नऊ. भविष्यात हे गाव महानगरात समाविष्ट करण्यास या पालिकेची हरकत नाही व पुन्हा विचारणा करण्याची आवश्यकता नाही. सर्वानुमते मंजूर. खाली अण्णांची सही."

हेडक्लार्कना तो कागद वाचायची गरज नव्हती. त्यावरचं अक्षर त्यांचंच होतं.

"आमच्या अण्णांची?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बघा ना."

अध्यक्षबाईंनी कागद घेतला, चष्मा न लावताच बघितला आणि टेबलावर ठेवला. अण्णा म्हणजे त्यांचे सासरे. ज्या काळात गावाचा दिवा लागायचा की नाही हेसुद्धा जिल्ह्याचा साहेब ठरवायचा, त्या काळात अण्णांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि गावाला स्वतःची पालिका मिळवून दिली. पहिले अध्यक्ष तेच. अध्यक्षबाई तीन वर्षांपूर्वी उभ्या राहिल्या त्या अण्णांचं नाव सांगून, आणि गेले तीन आठवडे त्या दारोदार एकच वाक्य सांगत होत्या, की अण्णा असते तर त्यांनी पालिका हातची जाऊ दिली नसती.

"मंगळवारी फाइल मंत्र्यांपुढे जाते," उपसचिव म्हणाले. "त्यात हा ठराव वर लावलेला असेल. उद्याची सभा तुम्ही घ्या. चहा होईल, भाषणं होतील."

अध्यक्षबाई उठल्या आणि मोरीशी जाऊन नळ सोडला. धुवायला हातात काहीच नव्हतं. पाणी नुसतंच वाहत राहिलं आणि त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. हेडक्लार्कनी त्यांची ती पाठ फक्त दोनदा पाहिली होती, त्यांची आई गेली तेव्हा आणि अण्णा गेले तेव्हा.

"अण्णांनीच देऊन टाकली होती," त्या म्हणाल्या. "मग मी कोणासाठी भांडतेय?" नळ बंद करून त्या वळल्या. "सूनबाई, उद्या माझं मत तुला. आठ विरुद्ध सात. तुझ्या अँब्युलन्सला ये म्हणावं."

सुनेची अँब्युलन्स हा खरा प्रश्न होता, आणि तो अध्यक्षबाईंनाही मनातून मान्य होता. महापालिकेची अँब्युलन्स हद्दीवरच्या पुलापर्यंत येई आणि थांबे. अलीकडून गावाची जुनी गाडी रोग्याला घेऊन जाई, आणि पुलाच्या मधोमध रोग्याला एका स्ट्रेचरवरून दुसऱ्यावर घेत. मागच्या वर्षी यात एका म्हाताऱ्याची चप्पल नदीत पडली आणि माणूस वाचल्यावर त्याने पालिकेकडे चपलेसाठी अर्ज केला. अँब्युलन्सच्या या प्रश्नावरच सून निवडून आली होती. त्यावर अध्यक्षबाईंचं उत्तर असं, की चपलेचा अर्ज आला त्याच दिवशी मी स्वतः त्याच्या घरी गेले, उद्या दोनशे सभासदांच्या महापालिकेत त्याच्याकडे कोण जाणार?

आता सून जिंकली होती. तिने आनंद झाल्यासारखी मान हलवली, पण आनंद काही झाला नाही.

"असं नको, आई," ती म्हणाली. "तुमच्याशी भांडून मत घेईन मी. असं गळून पडलेलं नको."

"घे ग. एकदा सासूने दिलंय."

हेडक्लार्क उठले. बोलायचं कसं हे त्यांना सुचत नव्हतं. ऑफिसात त्यांना कधी बोलावंच लागलं नव्हतं, आणि घरातही. म्हणून त्यांनी जे येत होतं ते केलं. कपाटातून घरची वही आणली आणि टेबलावर ठेवली.

"रविवार आहे," ते म्हणाले. "सभा राहिलीय."

ही सभा अण्णांनी घातलेली पद्धत होती. ज्या माणसाने गावाला मत द्यायला शिकवलं त्याच्या घरात एकट्याच्या हुकमाने काही चालू नये, म्हणून दर रविवारी जेवणानंतर टेबलाशी सभा. विषय मांडायचा, बोलायचं, हात वर करायचे, आणि जाड तपकिरी वहीत लिहून ठेवायचं. मुलाला दातांच्या कॉलेजात घालायचं, गच्चीवर टाकी बसवायची, सुनेने समोरच्या गटातून उभं राहायचं की नाही, सगळं त्या वहीत होतं. अण्णांचा एक नियम मात्र पक्का होता. लिहिणाऱ्याला मत नाही. लिहिणारा मत देऊ लागला की आपल्या मताचं अक्षर मोठं काढतो, असं ते म्हणत. थोरल्या मुलाचं अक्षर चांगलं, म्हणून एकोणिसाव्या वर्षी वही त्याच्याकडे आली, आणि त्या दिवसापासून या घरात त्याला कोणी काही विचारलं नाही. अकरा वर्षांपूर्वी तब्येतीचं कारण काढून घरात चहा बिनसाखरेचा करायचा ठरला. तोही हेडक्लार्कनी स्वतःच्या हाताने लिहिला होता, सर्वानुमते म्हणून.

"आज कसली सभा, बाबा," मुलगा म्हणाला. "आई बघा कशी झालीय."

"विषय एक," हेडक्लार्क म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वीच्या ठरावाची दुरुस्ती." आणि बसायचं विसरून उभ्यानेच बोलू लागले. "अण्णांनी तो ठराव केला नव्हता. अण्णांनी विरोध केला होता. त्यांच्यासह सहाजणांनी. सहा विरुद्ध पाच. ठराव पडला होता."

"मग हे काय आहे?" उपसचिवांनी कागदावर बोट ठेवलं.

"हे मी लिहिलंय."

आणि मग त्यांनी सांगितलं, सरकारी कामाच्या क्रमाने, काही न गाळता. अण्णा दर सभेच्या आधी प्रत्येक सभासदाच्या घरी जात, समजूत घालत, चहा घेत, आणि सभेला येईपर्यंत सगळे एकमताचे झालेले असत. वर्षानुवर्षं दुसरं काही घडलंच नाही. म्हणून हेडक्लार्क इतिवृत्त आदल्या दिवशी संध्याकाळीच लिहून ठेवू लागले. वहीत, पक्क्या शाईने, सर्वानुमते मंजूर. सभेत ते फक्त लिहिण्याचा अभिनय करीत.

"अभिनय?" सून म्हणाली.

"पेनाला टोपण लावलेलं असे," हेडक्लार्क म्हणाले. "कोणी कधी बघितलं नाही."

जाऊबाईंनी तोंडाला रुमाल लावला. वीस वर्षं कोर्टात खोकलासुद्धा टिपून घेणाऱ्या बाईला हे फार झालं असावं.

"त्या दिवशी विषय नऊ आला तेव्हा अण्णांनी सोबतचा कागद वाचला. 'पुन्हा विचारणा करण्याची आवश्यकता नाही.' ते उठून म्हणाले, आपल्यामागून येणाऱ्यांना कोणी विचारूच नये, हे ठरवणारा मी कोण? माझी हरकत आहे, नोंद घ्या. मतं झाली, ठराव पडला. मी विषयपत्रिकेच्या मागे आकडे लिहून घेतले. म्हटलं, सकाळी वहीत दुरुस्त करू. सकाळी अण्णांना दवाखान्यात न्यावं लागलं. दोन दिवसांनी प्रत वर पाठवायची शेवटची तारीख. मी वही घेऊन दवाखान्यात गेलो. आता सांगू, मग सांगू, असं करत होतो. त्यांनी पेन मागितलं. मी म्हटलं, अण्णा, वाचून बघा. ते म्हणाले, तू लिहिलंयस ना? मग काय वाचायचंय. आणि सही केली."

हेडक्लार्क थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि हातात रुमाल नव्हता, म्हणून त्यांनी बटाट्याच्या फडक्याने ते पुसले. बावीस वर्षांत असा एकही आठवडा गेला नव्हता की त्यांना ती सही आठवली नाही. थरथरती, शेवटचं अक्षर ओळीखाली गेलेली.

"महिन्याभरात ते गेले. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त न वाचताच कायम झालं, नेहमीसारखं. मला वाटलं, वरच्या कपाटात कागद जातात ते कधी परत येत नाहीत."

"बहुतेक येत नाहीत," उपसचिव हळूच म्हणाले. "हा माझ्याच हाताला लागला, दादा. अक्षर ओळखलं म्हणून थांबून वाचला. नाहीतर पुढे गेला असता."

हेडक्लार्कनी वहीच्या मागच्या पुठ्ठ्यातून चौघडी घातलेली विषयपत्रिका काढली. मागे पेन्सिलीने अकरा नावं, सहांपुढे फुली, आणि वर अण्णांचं वाक्य. त्या अकरांतले दोघे अजून होते, पण त्यांना सकाळचा नाश्ता दुपारी आठवत नसे.

अध्यक्षबाई कितीतरी वेळ तो कागद बघत होत्या. हेडक्लार्क त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. नगरपालिका काय म्हणेल याची त्यांना आत्ता पर्वा नव्हती.

"बावीस वर्षं," त्या शेवटी म्हणाल्या. "एका घरात. रोज शेजारी बसून चहा पिता. आणि मला एक शब्द नाही."

"नाही."

"मी तुमच्याशी नंतर बोलणार आहे."

"बरं."

"आत्ता सभा चालू आहे म्हणून." त्यांनी चष्मा लावला, आणि पाठ ताठ झाली. अण्णांनी विरोध केला होता, हे त्यांच्या आत आता कुठे पोचत होतं. "विषय काय आहे? नीट मांडा."

"उद्या मी पालिकेत जाऊन लेखी सांगावं काय, की तो ठराव खोटा लिहिला गेला."

उपसचिव खुर्चीत पुढे सरकले. "दादा, माझं ऐक. चौकशी लागेल. तू खोटं लिहिलंस आणि अण्णांनी त्यावर सही केली, असंच पेपरात येईल. सभागृहाला अण्णांचं नाव आहे. कशाला वडिलांना यात ओढतोस? माझी हरकत आहे."

"तुमचं खातं अडचणीत येईल म्हणून, की अण्णांसाठी?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

उपसचिवांनी खरंच विचार केला. "दोन्ही," ते म्हणाले. "पण जास्त अण्णांसाठी. मी तेव्हा राजधानीत होतो, वहिनी. शेवटच्या महिन्यात दोनदाच येऊ शकलो. माझ्याकडे त्यांचं नाव तेवढं आहे."

अध्यक्षबाईंनी त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं.

"माझीही हरकत," मुलगा म्हणाला. "सहासष्टाव्या वर्षी बाबांनी सगळ्या गावासमोर उभं राहून... त्यांच्या ऑफिसातली कालची पोरं हसतील. मला नाही बघवणार."

"माझा पाठिंबा," सून म्हणाली, आणि सगळे तिच्याकडे बघू लागले. तो जुना कागद तिला घरबसल्या जिंकून देणारा होता. "बघू नका असं. मला सामील व्हायचंच आहे. पण आमच्या हातांनी, उद्या अकरा वाजता. पेनाला टोपण लावून लिहिलेल्या ठरावावर मी गाव महानगरात नेलं, तर उद्या तिथले लोक आमचीही अशीच संमती समजतील. आणि मग मी कोणत्या तोंडाने भांडू?"

"तुझी हार झाली तर?"

"तर पुढच्या वेळी परत विषय आणीन. अण्णांनी तेवढी जागा ठेवली होती ना."

अध्यक्षबाई सुनेकडे बघत राहिल्या. "अकरा मतं उगाच नाही मिळाली तुला," त्या म्हणाल्या. त्या विषयावर त्यांच्याकडून आलेला हा पहिला चांगला शब्द होता, आणि सुनेने शहाणपणाने तो ऐकला न ऐकलासा केला.

"माझाही पाठिंबा," जाऊबाई म्हणाल्या.

उपसचिवांनी दचकून बायकोकडे पाहिलं.

"न्यायाधीशसुद्धा मला कधी कधी म्हणतात, हे वाक्य जरा बरं करून टाका," जाऊबाई म्हणाल्या. त्यांच्या मानाने हे भाषणच होतं. "मी टाकत नाही. बोललं गेलं तेच राहतं. सासऱ्यांनी नोंद घ्या म्हटलं होतं. ती घेतली गेली नाही. एवढंच आहे."

हेडक्लार्कनी वहीत लिहिलं. बाजूने दोन, विरुद्ध दोन. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वर, विषयाच्या खाली, हाताने आधीच 'स' आणि 'र्वा' काढून ठेवलेत. त्यांनी घाईने ते खोडलं. अध्यक्षबाईंनी ते पाहिलं.

"समसमान," उपसचिव म्हणाले. "वहिनी, तुमचं निर्णायक मत."

अध्यक्षबाईंनी हात वर केला नाही. "हेडक्लार्क," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पालिकेतला झाला. "अध्यक्षांनी निर्णायक मत केव्हा द्यायचं?"

"हजर असलेल्या सगळ्यांची मतं घेऊन झाल्यावर, समसमान झाली तर."

"झाली घेऊन?"

"झाली. चार."

"टेबलाशी माणसं किती आहेत?"

हेडक्लार्कनी मोजली. सवयीने त्यांनी स्वतःला धरलं नाही. मग धरलं. "सहा."

"पेन द्या इकडे."

"वहिनी," उपसचिव म्हणाले, "लिहिणाऱ्याला मत नाही. अण्णांचा नियम आहे."

"माहीत आहे. म्हणूनच मागतेय. आता लिहिणारी मी. मला मत नाही." त्यांनी वही स्वतःकडे ओढली. अध्यक्षपणाचं एकुलतं एक जादा मत त्यांनी इतक्या सहज टेबलावर ठेवून दिलं की सून बघतच राहिली. "विषय तुमचा आहे, अण्णा तुमचे होते, आणि उद्या उभं तुम्हालाच राहायचंय. सांगा. काय मत तुमचं?"

सत्तेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना या टेबलाशी कोणी विचारला नव्हता. हेडक्लार्कना वाटलं होतं की बायको पेन मागतेय ती शिक्षा म्हणून. रिकाम्या हाताचं काय करायचं हे त्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी तो वर केला. तो कानापर्यंत गेला आणि तिथेच घोटाळला.

"बाबा, पूर्ण करा," मुलगा म्हणाला. विरुद्ध मत दिलेला तोच होता.

हेडक्लार्कनी हात पूर्ण वर केला.

अध्यक्षबाई लिहीत होत्या. त्यांचं अक्षर वाईट होतं, ओळी चढावर चालल्यासारख्या वर जात. लिहून झाल्यावर त्यांनी वही फिरवून नवऱ्यासमोर ठेवली आणि पेन पुढे केलं. हेडक्लार्कनी पेन घेतलं आणि सहीची जागा शोधू लागले, तोच अध्यक्षबाईंनी पानावर तळवा ठेवला.

"आधी वाचा."

त्यांनी वाचलं. विषय, कोण काय बोललं, कोणाची हरकत, कोणाचा पाठिंबा, सगळ्यांच्या नात्यांसकट. तीन विरुद्ध दोन. बहुमताने मंजूर. त्यांनी ते पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. एक वेलांटी चुकली होती, ती त्यांनी सोडून दिली. मग सही केली.

"दादा," उपसचिव म्हणाले, "उद्या मी थांबतो. रजा टाकतो. सभागृहात मागे बसायला परवानगी असते ना नागरिकांना?"

"असते. बोलायला नसते."

"तेच बरं," जाऊबाई म्हणाल्या.

खुर्च्या मागे सरकू लागल्या. सुनेने भांडी उचलली, मुलाने गॅसवर चहाचं आधण ठेवलं. अध्यक्षबाई वही मिटत होत्या.

"थांबा," हेडक्लार्क म्हणाले. "विषय दोन राहिलाय."

"आता कोणता?"

"अकरा वर्षांपूर्वीचा. चहातल्या साखरेचा. तो सर्वानुमते लिहिलाय." त्यांनी घसा साफ केला. "माझी हरकत आहे. नोंद घ्या."

कोणी हसलं नाही. अध्यक्षबाईंनी वही पुन्हा उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि नोंद घेतली.